प्रभार, पुटिका आणि पेशीचे दार : तंजावूरच्या निमित्ताने साठ वर्षांचा एक वैज्ञानिक इतिहास

तंजावूर म्हटले की मराठी वाचकाला भोसल्यांची दक्षिणेतील गादी आणि सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रे आठवतात. याच शहराच्या पश्चिमेस, तिरुचिरापल्लीकडे जाणाऱ्या मार्गावर, तिरुमलैसमुद्रम येथे शास्त्र अभिमत विद्यापीठ आहे. १९८४ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत आज नॅनोतंत्रज्ञान आणि प्रगत जैवपदार्थ यांचे स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. औषध शरीरात नेमक्या जागी कसे पोहोचवावे, हा तेथील अभ्यासाचा एक विषय. त्यातलाच एक प्रश्न वरवर छोटा दिसतो : मेदद्रव्याच्या अतिसूक्ष्म पुटिकेत कर्करोगाचे औषध भरले आणि त्या पुटिकेच्या पृष्ठभागावर धन किंवा ऋण विद्युत प्रभार ठेवला, तर अर्बुदपेशीत औषध अधिक शिरते का?

या प्रश्नाला साठ वर्षांचा इतिहास आहे. त्यात ठिकठिकाणी असे घडलेले दिसते की काचेच्या बशीतील पेशींनी एक उत्तर दिले आणि रुग्णाच्या शरीराने दुसरे. हा इतिहास तंजावूरपासून सुरू करण्यास आणखी एक कारण आहे. दुसरे सरफोजी राजे १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. सत्ता गेली, पण राजांची जिज्ञासा गेली नाही. धन्वंतरी महालात त्यांनी आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्य वैद्यकाच्या जाणकारांना एकत्र आणले. त्या काळातील नेत्ररुग्णांची टिपणे सरस्वती महालात जतन झाली आहेत. रुग्ण कोणत्या अवस्थेत आला, त्याच्यावर कोणता उपचार झाला आणि नंतर काय दिसले, याच्या त्यांत नोंदी आहेत. काही डोळ्यांची रंगीत चित्रेही आहेत. उपाय युक्तिसंगत वाटतो एवढ्यावर न थांबता रुग्णाला गुण आला का, हे लिहून ठेवण्याची ही शिस्त होती. मेदपुटिकांचा पुढील इतिहास वाचताना हाच निकष हाताशी ठेवणे उपयोगाचे ठरते.

प्रथम अडचण समजून घ्यावी. कर्करोगावरील बरीच औषधे अर्बुदपेशी आणि निरोगी पेशी यांत पुरेसा भेद करत नाहीत. डॉक्सोरुबिसिन हे त्याचे ठळक उदाहरण. हे लाल रंगाचे औषध अनेक प्रकारच्या कर्करोगांवर प्रभावी आहे, परंतु ते हृदयाच्या स्नायूंनाही इजा करते. ही इजा साठत जाते. म्हणून एका रुग्णाला आयुष्यभरात एकूण किती औषध द्यावे यावर मर्यादा घालावी लागते. औषध काम करत असतानाही हृदयासाठी ते थांबवावे लागणे, हा प्रसंग कर्करोगतज्ज्ञांना नवा नाही. त्यात आणखी एक गुंता आहे. डॉक्सोरुबिसिन हे सौम्य अल्कधर्मी द्रव्य असल्यामुळे शरीरात त्याच्या बहुतांश रेणूंवर धन प्रभार असतो, आणि प्रभारित रेणू पेशीपटलाच्या तेलकट गाभ्यातून सहज पार होत नाही. अर्बुदाच्या आतील भाग बहुधा किंचित आम्लधर्मी असतो. तेथे प्रभारित रेणूंचे प्रमाण आणखी वाढते आणि औषधाचा प्रवेश आणखी मंदावतो. म्हणजे जेथे औषध हवे, नेमके तेथेच दार जड होते. वाहनाची गरज यातून निर्माण झाली.

वाहन सापडले ते मात्र वेगळ्याच शोधात. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ बेब्रॅहम येथील संस्थेत अ‍ॅलेक बँगहॅम हे वैद्यक शिकलेले संशोधक रक्त गोठण्याच्या क्रियेत मेदद्रव्यांचा वाटा तपासत होते. फॉस्फोलिपिड या मेदवर्गाचा पृष्ठीय प्रभार आणि रक्त गोठवण्याची क्षमता यांचा परस्परसंबंध दाखवणारा त्यांचा निबंध १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. लायपोसोम हा शब्द अजून जन्मला नव्हता, तेव्हाही प्रश्न प्रभाराचाच होता. त्याच सुमारास बँगहॅम यांनी रॉबर्ट हॉर्न यांच्यासह अंड्यातील लेसिथिन पाण्यात मिसळून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकात एक बसलेली मेदाची वलये त्यांना दिसली. मेदाचे रेणू पाण्यात पडताच जलस्नेही डोके बाहेर आणि जलद्वेषी शेपट्या आत अशी दुपदरी भिंत रचतात, ती भिंत स्वतःवर वळते आणि आत पाण्याचा थेंब कोंडला जातो. पेशीपटलाची ही जणू हाताने घडवता येणारी प्रतिकृतीच होती.

१९६५ मध्ये बँगहॅम, स्टँडिश आणि वॉटकिन्स यांनी या पुटिकांतून आयन कसे झिरपतात हे मोजले. मेदात ऋण प्रभाराचे रेणू मिसळले की धन आयन एका गतीने बाहेर पडत, धन प्रभाराचे रेणू मिसळले की त्यांची वाट अडे. पृष्ठभागावरील प्रभाराचे चिन्ह आणि प्रमाण आत-बाहेरच्या वाहतुकीवर ताबा ठेवते, हे या क्षेत्राच्या पहिल्याच मोठ्या निबंधात सांगितले गेले. काही वर्षांनी जेराल्ड वाइसमन यांनी या पुटिकांना 'लायपोसोम' हे नाव दिले. १९७१ मध्ये लंडनमध्ये ग्रेगरी ग्रेगोरियाडिस आणि ब्रेंडा रायमन यांनी त्यांत एक विकर भरून प्राण्यांना टोचले, आणि पेशीपटलाची प्रतिकृती औषधाचे वाहन बनली.

दरम्यान कर्करोगाच्या पेशींविषयी एक वेगळा धागा विणला जात होता. १९५६ मध्ये अँब्रोज, जेम्स आणि लोविक यांनी विद्युतक्षेत्रात पेशींची गती मोजली आणि अर्बुदपेशींवरील ऋण प्रभार त्याच ऊतीतील निरोगी पेशींपेक्षा अधिक असल्याचे नोंदवले. या ऋण प्रभाराचा मोठा भाग पेशीच्या पृष्ठभागावरील शर्करासाखळ्यांच्या टोकाशी असलेल्या सियालिक आम्लातून येतो. दुसरा भाग मेदाचा आहे. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा ऋण प्रभारित मेद निरोगी पेशीत पटलाच्या आतल्या पदरात असतो. ही विषम मांडणी मार्क ब्रेशर यांनी १९७२ मध्ये स्पष्ट केली. अर्बुदपेशींत हा मेद बाहेरच्या पदरात अधिक प्रमाणात आढळतो, असे १९९१ मध्ये उत्सुगी आणि सहकाऱ्यांनी दाखवले.

दोन्ही धागे एकत्र आले की अनुमान आपोआप सुचते. अर्बुदपेशी अधिक ऋण आहे, मग वाहन धन करावे. विजातीय प्रभार एकमेकांना ओढतील आणि औषध पेशीत जाईल. प्रयोगांनी या अनुमानाला बळही दिले. १९७४ मध्ये मॅगी आणि सहकाऱ्यांनी धन प्रभारित लायपोसोमांतून एक विकर संवर्धित पेशींपर्यंत पोहोचवले. १९८७ मध्ये फेल्गनर आणि सहकाऱ्यांनी खास घडवलेल्या धन मेदाच्या साहाय्याने डीएनए पेशीत शिरवला. डीएनए स्वतः ऋण प्रभारित असल्यामुळे तो धन मेदाला चिकटतो आणि दोघांचा गठ्ठा पेशीपटलाला चिकटतो. जगभरातील जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत ही पद्धत नित्याची झाली.

या ओढीचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे, कारण लोकप्रिय वर्णनांत येथे चुंबकाची उपमा हमखास येते आणि ती फसवी आहे. रक्त आणि ऊतींतील द्रव हे क्षारयुक्त पाणी आहे. त्यातील सोडियम, क्लोराइड यांसारखे आयन प्रत्येक प्रभाराभोवती गोळा होऊन त्याला झाकतात. शरीरातील क्षारप्रमाणात हा प्रभाव साधारण ०.८ नॅनोमीटर अंतरातच ओसरू लागतो. पेशीपटलाची जाडी ४ ते ५ नॅनोमीटर आणि औषधवाहक लायपोसोमाचा व्यास सहसा १०० नॅनोमीटरच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले तर ही ओढ किती जवळची आहे ते कळते. धन पुटिका दूरच्या अर्बुदाकडे खेचली जात नाही. रक्तप्रवाह तिला नेईल तेथे ती जाते. पेशीला जवळजवळ टेकल्यावर मात्र ती घट्ट चिकटते. चिकटल्यावर पेशी पटलाला खळगा पाडून तिला आत ओढून घेते. आतल्या पिशवीत आम्लता वाढत जाते. तेथे पुटिकेतील धन मेद पिशवीच्या भिंतीतील ऋण मेदाशी जोडी जमवतो, दोन्ही पटलांची शिस्तबद्ध रचना मोडते आणि कोंडलेला ऐवज पेशीद्रवात सुटतो. प्रभाराचे काम असे दोन जागी आहे : दाराशी चिकटणे आणि आत गेल्यावर कडी उघडणे. औषधवाहतूक वाढते ती या दोन पायऱ्यांमुळे.

काचेच्या बशीत पेशी उघड्या असतात आणि पुटिका थेट त्यांच्यावर ओतली जाते. शरीरात मध्ये रक्त आहे. रक्तातील अनेक प्रथिनांवर एकूण ऋण प्रभार असतो, तेव्हा धन पुटिका रक्तात शिरताच प्रथिने तिच्यावर थर चढवतात आणि बाहेरून पाहता तिचा प्रभार कधी फिका पडतो, तर कधी उलटतो. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही ऋण शर्करासाखळ्या असतात, म्हणून फुप्फुसांसारख्या अवयवांच्या सूक्ष्म जाळ्यात अशा पुटिका अडकतात. यकृत आणि प्लीहा यांतील भक्षकपेशी त्यांना झपाट्याने गिळतात. अधिक मात्रेत धन मेद पेशींना विषारीही ठरतो. अर्बुदपेशीशी जवळीक साधणारे चिन्ह वाटेतील प्रत्येकाशी तीच जवळीक साधते.

ऋण प्रभाराचा अनुभवही असाच शिकवणारा होता. १९८० च्या दशकात जेरुसलेममधील हदासा रुग्णालयात अल्बर्टो गॅबिझॉन आणि येहेझ्केल बॅरेनहोल्झ यांनी डॉक्सोरुबिसिनचे एक लायपोसोम रुग्णांत तपासले. युक्ती सुबक होती. औषध धन, म्हणून मेदभिंतीत ऋण मेद मिसळायचा. दोघांच्या ओढीने औषध भिंतीत धरून राहील. रुग्णांच्या रक्तात ही ओढ अपुरी पडली. पुटिका मोठ्या प्रमाणात यकृत आणि प्लीहेकडे गेल्या आणि रक्ताच्या विपुल द्रवात मिसळताच औषध त्यांतून गळू लागले. हा निकाल या शास्त्रज्ञांनी स्वतःच प्रसिद्ध केला आणि पुढची रचना त्याच निकालावर उभी केली.

पुढच्या रचनेत प्रभाराची जागा बदलली. पुटिकेच्या पोटात अमोनियम सल्फेटचे द्रावण भरले गेले. बाहेरील डॉक्सोरुबिसिनचे जे थोडे रेणू क्षणभर प्रभाररहित असतात ते भिंत ओलांडून आत जातात, तेथे त्यांना धन प्रभार मिळतो आणि सल्फेटबरोबर त्यांचे स्फटिकासारखे पुंजके बनतात. परत जाण्याची वाट बंद होते. शरीरात औषधाला दाराबाहेर ठेवणारा प्रभारच येथे त्याला वाहनात कोंडून ठेवण्याच्या कामी आला. पुटिकेच्या बाह्यांगावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल या जलस्नेही बहुवारिकाच्या केसरांचे आवरण चढवले गेले. त्याखाली मेदाचा प्रभार झाकला गेला, रक्तातील प्रथिने दूर राहिली आणि पुटिका तासांऐवजी दिवसांच्या हिशेबाने रक्तात फिरू लागली. अर्बुदाच्या घाईने वाढलेल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती सच्छिद्र असतात आणि मोठे रेणू तेथून झिरपून साठतात, हे १९८६ मध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी जपानमध्ये दाखवले होते. लांबचा प्रवास करणाऱ्या पुटिकेला त्या छिद्रांपर्यंत पोहोचण्याची संधी मिळाली. १९९५ मध्ये अमेरिकेत डॉक्सिल या नावाने या औषधाला मान्यता मिळाली.

रुग्णाला गुण आला का, या निकषावर डॉक्सिलचे उत्तर प्रामाणिकपणे वाचावे लागते. हृदयावरील दुष्परिणाम लक्षणीय घटले आणि हा मोठा लाभ होता. तळहात-तळपायांची त्वचा सोलवटण्याचा नवा त्रास मात्र वाढला. अर्बुद नष्ट करण्याच्या सामर्थ्यात साध्या औषधाच्या तुलनेत सर्वत्र झेप दिसली नाही. एक कारण रचनेतच आहे : जे आवरण रक्तातील प्रथिनांना दूर ठेवते तेच अर्बुदपेशीलाही दूर ठेवते. वाहन दारापर्यंत गेले, पण दार ठोठावण्याचा हात आवरणाखाली राहिला.

भारतातील कथा याच सुमाराची आहे. बिमलकुमार बच्छावत हे जैवरसायनज्ञ तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मेदद्रव्यांच्या चयापचयाशी निगडित मेंदूविकारांचा अभ्यास करत होते. पुढे कोलकात्यात आणि नंतर दिल्ली विद्यापीठात त्यांनी लायपोसोमांवर काम उभे केले. पुटिकेवर निरनिराळ्या शर्करा बसवल्या की ती निरनिराळ्या ऊतींकडे वळते, हे त्यांच्या गटाने १९८० च्या सुमारास दाखवले. बुरशीनाशक अ‍ॅम्फोटेरिसिन-बी मूत्रपिंडांना घातक असल्यामुळे त्याला मेदाचे वाहन देण्याचा प्रकल्प त्यांनी मुंबईतील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालयाच्या सहकार्याने हाती घेतला. तेथे औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी रुग्णांवरील चाचण्यांची धुरा वाहिली. त्यातून फंगिसोम हे भारतीय लायपोसोमल औषध बाजारात आले. ते देण्यापूर्वी श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या यंत्रात सुमारे ४५ मिनिटे ठेवून पुटिकांचा आकार लहान करावा लागतो. रुग्णशय्येजवळ करावयाची ही पायरी परदेशी पाठ्यपुस्तकांत सापडणार नाही. महागड्या आयात औषधाला पर्याय शोधताना ती आली.

अ‍ॅम्फोटेरिसिनच्याच दुसऱ्या, परदेशी लायपोसोमात, अ‍ॅम्बिसोममध्ये, ऋण प्रभारित मेद मिसळलेला असतो आणि तो औषधाच्या धन गटाशी जोडी जमवून त्याला भिंतीत घट्ट धरतो. डॉक्सोरुबिसिनच्या बाबतीत अपुरी पडलेली युक्ती येथे यशस्वी झाली, कारण अ‍ॅम्फोटेरिसिनचा रेणू मुळातच मेद आणि कोलेस्टेरॉल यांत रुतून बसणारा आहे. प्रभाराचा परिणाम औषधाच्या स्वभावावरही अवलंबून असतो, हा त्याचा अर्थ. २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनानंतरच्या म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रातही रुग्णालये भरली आणि 'लायपोसोमल' हा शब्द वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आला. इंजेक्शनांसाठी नातेवाइकांची धावपळ चालली होती, ती याच मेदपुटिकांसाठी. त्याआधी २०१२ मध्ये डॉक्सिलचा अमेरिकेत तुटवडा पडला, तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचे लिपोडॉक्स आयात करण्यास तेथील औषध नियामकाने तात्पुरती मुभा दिली, आणि २०१३ मध्ये सनच्या जेनेरिक डॉक्सोरुबिसिन लायपोसोमाला रीतसर मान्यता मिळाली. पुटिका घडवणे हे भारताला परके तंत्र राहिलेले नव्हते.

धन प्रभाराची कल्पना मात्र संपली नव्हती. तिचे लक्ष्य बदलले. १९९८ मध्ये सान फ्रान्सिस्को येथील थर्स्टन, मॅकडोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदरांत पाहिले की धन लायपोसोम अर्बुदाच्या नव्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला निरोगी वाहिन्यांपेक्षा अधिक चिकटतात आणि आत घेतले जातात. २००२ मध्ये बोस्टनमधील कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी हे अधिक बारकाईने मोजले. धन मेदाचे प्रमाण वाढवले की अर्बुदाच्या वाहिन्यांत पुटिका अधिक साठतात, पण अर्बुदात पोहोचणाऱ्या पुटिकांची एकूण संख्या त्यामुळे वाढत नाही. अर्बुदाच्या आत त्यांची वाटणी तेवढी बदलते. हा निष्कर्ष या साऱ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाच्या निष्कर्षांपैकी आहे. प्रभार वाढवल्याने 'अधिक औषध' मिळतेच असे नाही. औषध कोणत्या पेशीपाशी थांबेल, हे प्रभार ठरवतो. या विचारातून धन लायपोसोमात पॅक्लिटॅक्सेल भरून अर्बुदाच्या रक्तपुरवठ्यावरच घाव घालण्याचे प्रयत्न मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचले.

ऋण प्रभारालाही योग्य ठिकाण सापडले. युरोपात २००९ मध्ये मान्य झालेल्या मिफामुर्टाइड या अस्थिकर्करोगावरील औषधाच्या लायपोसोमात फॉस्फॅटिडिलसेरीनसदृश ऋण मेद मुद्दाम घातला आहे. मरणोन्मुख पेशीच्या बाहेरच्या पदरावर हाच मेद दिसतो आणि भक्षकपेशी तिला ओळखून गिळतात. येथे औषध भक्षकपेशींनाच चेतवण्यासाठी असल्याने त्यांनी पुटिका गिळणे हा अपघात न राहता उद्देश झाला. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या तीव्र रक्तकर्करोगावरील व्हिक्सिऑस या दुहेरी औषधाचे लायपोसोमही ऋण मेद बाळगते. अस्थिमज्जेत पोहोचल्यावर रक्तकर्करोगाच्या पेशी या पुटिका आत घेतात. यकृताकडे नेणारा म्हणून एकेकाळी नाकारलेला प्रभार रोगाच्या जागेनुसार उपयुक्त ठरला.

शेवटचे वळण वेळेचे आहे. १९८० मध्ये मिल्टन यॅटविन आणि सहकाऱ्यांनी आम्लतेला प्रतिसाद देऊन फुटणाऱ्या लायपोसोमांची कल्पना मांडली. त्या कल्पनेचा दूरचा वारस म्हणजे आयनीभवनक्षम मेद. रक्ताच्या सामान्य आम्लतेला, म्हणजे पीएच ७.४ ला, तो जवळजवळ प्रभाररहित असतो. पेशीच्या आतील आम्लधर्मी पिशवीत गेल्यावर तो धन होतो. वाटेवर प्रथिनांना तो दिसत नाही आणि आत गेल्यावर कडी उघडतो. २०१८ मध्ये मान्य झालेल्या पॅटिसिरान या आनुवंशिक मज्जाविकारावरील औषधात हाच मेद आहे. २०२० पासून कोट्यवधी लोकांना दिल्या गेलेल्या फायझर-बायोएनटेक आणि मॉडर्ना यांच्या लसींतील एमआरएनए याच तत्त्वावरच्या मेदकणांतून पेशींत शिरला. ज्या एमआरएनए संशोधनासाठी कॅटालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांना २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते प्रत्यक्ष वापरात येण्यामागे प्रभार कधी दिसावा हे ठरवणाऱ्या या मेदांचाही वाटा होता. अर्बुदांसाठीही आता असेच वेळेवर 'जागे होणारे' मेद घडवले जात आहेत : रक्तात शांत, अर्बुदाच्या आम्लतेत धन.

या क्रमाकडे पाहिले की साठ वर्षांत प्रश्नच बदलत गेल्याचे दिसते. आधी विचारले गेले : पुटिकेवर कोणता प्रभार ठेवावा? मग : तो पुटिकेच्या बाहेर असावा की आत? मग : तो कोणत्या पेशीसाठी आहे? आणि आता : तो कोणत्या क्षणी प्रकट व्हावा? प्रत्येक टप्प्यावर नवा प्रश्न सुचला तो बशीतील यश शरीरात उतरले नाही म्हणून, आणि ते उतरले नाही हे कोणीतरी मोजून प्रसिद्ध केले म्हणून.

तंजावूरसारख्या शहरातील प्रयोगशाळेतून प्रभारित पुटिकांनी अर्बुदपेशीत औषधाचा प्रवेश वाढवल्याचे वृत्त येते, तेव्हा विद्यार्थ्याने त्याकडे या पार्श्वभूमीवर पाहावे. काही गोष्टी आवर्जून तपासाव्यात. तुलना केलेल्या धन, ऋण आणि प्रभाररहित पुटिकांचा आकार सारखा होता का? कारण आकार बदलला तरी प्रवेश बदलतो. प्रभार शुद्ध पाण्यात मोजला की प्रथिनयुक्त रक्तद्रवात? पेशी मेल्या त्या आत शिरलेल्या औषधाने, की धन मेदाच्या स्वतःच्या विषाने? रिकाम्या पुटिकांचा प्रयोग केला असेल तरच हे कळते. पेशीत पुटिका शिरली एवढेच दिसले, की औषध सुटून केंद्रकापर्यंत पोहोचल्याचेही दिसले? आणि शेजारच्या निरोगी पेशींनी त्याच पुटिका किती घेतल्या? शेवटचा प्रश्न सर्वांत अधिक विसरला जातो, आणि रुग्णाचे हृदय वाचणार की नाही हे त्याच्याच उत्तरावर ठरते.

अशा अभ्यासांचे मोल त्यामुळे कमी होत नाही. दारापाशी आणि दाराच्या आत काय घडते, हे बशीतच स्वच्छ पाहता येते. तेथे रक्ताचा गोंधळ नसतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलता येते. १९६५ मधील आयनांचे मोजमाप हेही असेच टेबलावरचे काम होते, आणि पुढील प्रत्येक औषधाच्या रचनेत त्याचा अंश उतरला आहे. बशीतील निष्कर्ष हा पहिल्या पानावरची नोंद असतो, आणि उपचारापूर्वीच्या रकान्यात जे लिहिले त्याला उपचारानंतरच्या रकान्याची जोड मिळेपर्यंत ती नोंद पुरी होत नाही. प्रभारित मेदपुटिकांच्या वहीत तो दुसरा रकाना भरण्याचे काम अजून चालू आहे. त्यातील काही ओळी कावेरीच्या खोऱ्यात लिहिल्या जात आहेत.